बॅट हातातून सुटते तेव्हा: बेसबॉलमधल्या जल्लोषाच्या वादाची पार्श्वभूमी

क्रिकेटमध्ये बॅट हातात घेऊनच पळतात, क्रीजमध्ये टेकवायलाही तीच लागते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकायची आणि पळत सुटायचं, चार बेसची, म्हणजे मैदानातल्या चार ठिकाणांची, फेरी पूर्ण केली की एक रन. म्हणजे बॅट हातातून सुटणारच. ती कशी सुटते, यावर मात्र अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. चेंडू थेट कुंपणापार गेला, होम रन झाला, की पळायची घाई उरत नाही. मग एखादा बॅटर क्षणभर उभा राहून चेंडू बघतो आणि बॅट हवेत भिरकावतो. याला बॅट फ्लिप म्हणतात. जुन्या वळणाच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, तो सरळसरळ आपला अपमान वाटतो.

या वादातला सगळ्यात गाजलेला प्रसंग १४ ऑक्टोबर २०१५चा, टोरोंटोमधला. ब्लू जेज आणि टेक्सस रेंजर्स यांच्यातला प्ले-ऑफ मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना. नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये टोरोंटोच्या कॅचरने, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने, पिचरकडे परत फेकलेला चेंडू समोरच्या बॅटरच्याच बॅटला लागून भरकटला आणि तेवढ्यात टेक्ससचा रूग्नेड ओडोर तिसऱ्या बेसवरून पळत येऊन रन करून गेला. नियमाप्रमाणे तो रन बरोबर होता, पण प्रेक्षक भडकले, मैदानात बाटल्या आल्या, खेळ थांबला. पुढे टोरोंटोची पाळी आली तेव्हा टेक्ससच्या क्षेत्ररक्षकांनी लागोपाठ तीन चुका केल्या. ३-३ अशी बरोबरी झाली आणि होझे बाउतिस्ताने सॅम डायसनचा चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत पाठवला. तीन रन. त्यानंतर त्याने पिचरच्या दिशेने रोखून पाहिलं आणि बॅट अशी काही फेकली की जणू ती परत कधी लागणारच नाही. सामन्यानंतर डायसनचं म्हणणं होतं की बाउतिस्ताने खेळाचा मान राखायला हवा.

हिशेब सात महिन्यांनी चुकता झाला. १५ मे २०१६ला टेक्ससच्या मॅट बुशने बाउतिस्ताच्या अंगावर चेंडू मारला. बाउतिस्ताने रागाने दुसऱ्या बेसवर नियमबाह्य घसरी घेतली आणि तिथे उभ्या असलेल्या ओडोरने त्याच्या जबड्यावर ठोसा लगावला. ओडोरला आठ सामन्यांची बंदी झाली, अपिलानंतर ती सातवर आली. ठोसा मारणारा ओडोर व्हेनेझुएलाचा, खाणारा बाउतिस्ता डॉमिनिकन रिपब्लिकचा. त्यामुळे हे भांडण ‘गोरे अमेरिकी विरुद्ध स्पॅनिश बोलणारे’ एवढ्यावर मिटवणाऱ्यांशी मी सहमत नाही. संघाची निष्ठाही त्यात तितकीच होती.

आता नियमपुस्तक काय म्हणतं ते पाहू. होम रननंतर आनंद कसा करावा, यावर ते जवळजवळ गप्पच आहे. त्याला दोनच गोष्टींशी मतलब: चारही बेसना क्रमाने पाय लागले पाहिजेत आणि पुढच्या धावपटूला ओलांडून जाता कामा नये. या दोन अटींत मात्र जल्लोष अडकू शकतो. १७ ऑक्टोबर १९९९ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पावसात मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्जचा सामना पंधराव्या इनिंगपर्यंत लांबला. ३-३ अशी बरोबरी, तिन्ही बेसवर माणसं, आणि मेट्सच्या रॉबिन व्हेंच्युराने चेंडू कुंपणाबाहेर मारला. चार रन देणारा फटका. पण पहिल्या बेसवरून निघालेला टॉड प्रॅट पुढे जायच्या ऐवजी मागे वळला आणि त्याने व्हेंच्युराला वाटेतच मिठी मारून उचललं. बाकीचे सहकारीही येऊन भिडले. व्हेंच्युरा दुसऱ्या बेसपर्यंत पोचलाच नाही. नोंदीत आजही तो फटका साधा सिंगल, म्हणजे एका बेसचा, आहे आणि स्कोअर ७-३च्या जागी ४-३. मेट्स जिंकले, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. कायद्यात न बसणारा इतका निर्मळ आनंद मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

खरी सत्ता अलिखित नियमांची. होम रन मारून बघत उभं राहू नये. बेसभोवती रेंगाळत फिरू नये. मोठी आघाडी असताना बेस चोरू नये, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पुढच्या बेसकडे पळू नये. कुणी मोडले, तर शिक्षा पिचर देणार, चेंडू अंगावर मारून. साठ फूट सहा इंचांवरून ताशी १४५ किलोमीटरने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. लिखित नियमाप्रमाणे मुद्दाम अंगावर टाकणाऱ्या पिचरला अंपायर मैदानाबाहेर काढू शकतो. म्हणजे एक कायदा जे करायला सांगतो, त्यालाच दुसरा कायदा गुन्हा ठरवतो. माझं मत स्पष्ट आहे: भिरकावलेल्या बॅटने दुखावतो तो मान, भिरकावलेल्या चेंडूने माणूस मरू शकतो. क्लीव्हलंडचा रे चॅपमन ऑगस्ट १९२०मध्ये डोक्यावर चेंडू बसून गेला. तो चेंडू सूडाचा होता असं नाही, पण चेंडू काय करू शकतो हे तेव्हाच कळलं होतं.

तरीही रीत टिकली. १९३२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, विख्यात बॅटर बेब रूथने बोट दाखवून मग तिकडेच होम रन मारला, अशी दंतकथा आहे. पिचर चार्ली रूट ती आयुष्यभर नाकारत राहिला आणि त्याचं कारणच बोलकं होतं: रूथने खरंच बोट दाखवलं असतं, तर पुढचा चेंडू त्याच्या कानाशी गेला असता. दुसरा नामवंत बॅटर मिकी मँटल होम रननंतर मान खाली घालून पळायचा. पिचरला आधीच वाईट वाटत असतं, त्यात आणखी कशाला खजील करायचं, हा त्याचा विचार. या रीतीतला हा भाग मला मनापासून आवडतो.

पण शालीनतेची हीच एक व्याख्या नव्हती. वर्णभेदामुळे मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जमध्ये प्रेक्षकांचं रंजन हा खेळाचाच भाग होता. १९४७मध्ये कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला तो, काहीही झालं तरी उलट उत्तर द्यायचं नाही, हे कबूल करून. आज जगभर पोरं ज्या हाय फाइव्हने टाळी देतात, तोही दोन कृष्णवर्णीय खेळाडूंचा. २ ऑक्टोबर १९७७ला लॉस एंजेलिसमध्ये डस्टी बेकरने मोसमातला तिसावा होम रन मारला. परत आला तर ग्लेन बर्क हात उंच करून उभा. बेकरने त्यावर थाप मारली. लगेच पुढे बर्कने स्वतः होम रन मारला, मेजर लीगमधला त्याचा पहिला, आणि बेकरने थाप परत केली. पहिला हाय फाइव्ह म्हणून बहुतेक ठिकाणी हाच सांगतात.

१९८७चा ऑक्टोबर तर या वादाचा आरसाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा जेफ्री लेनर्ड होम रननंतर एक हात अंगाशी चिकटवून, डौलात, सावकाश फेरी मारायचा. सेंट लुइस कार्डिनल्सना ते खुपलं आणि त्यांच्या बॉब फोर्शने त्याच्या अंगावर चेंडू मारला. काही दिवसांतच वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्सच्याच टॉम लॉलेसने होम रन मारला. त्या मोसमात त्याच्या नावावर जेमतेम दोन हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, होते. तो बघत बघत चालला आणि चेंडू पलीकडे गेल्यावर त्याने बॅट उंच उडवून दिली. बॅट फ्लिपच्या इतिहासात हे दृश्य आजही पहिल्या काहींत गणतात.

दक्षिण कोरियात हा प्रश्नच पडत नाही. तिथे बॅट फेकण्याला ‘प्पादन’ असा खास शब्द आहे आणि पिचर ते मनाला लावून घेत नाही. मे २०२०मध्ये महामारीमुळे अमेरिकेतलं बेसबॉल थांबलं असताना अमेरिकी वाहिनीने कोरियन लीगचे सामने दाखवले, तेव्हा अनेक अमेरिकी घरांनी हे पहिल्यांदा पाहिलं. मेजर लीगमध्ये तोवर चतुर्थांशाहून अधिक खेळाडू परदेशात जन्मलेले होते, बहुतेक डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे. तिथल्या मैदानांवर ढोल-कर्ण्यांच्या गजरात वाढलेल्या मुलाला, इथे येऊन मान खाली घाल, असं सांगणं किती दिवस चालणार?

लीगनेही २०१८मध्ये ‘पोरांना खेळू द्या’ अशी जाहिरात काढली. पण डगआउटमधली, म्हणजे मैदानालगत संघ बसतो तिथली, माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. १७ मे २०२१ला शिकागो व्हाइट सॉक्स १५-४ने पुढे होते. तीन बॉल, म्हणजे नीट न पडलेले चेंडू, झाले होते; चौथा पडला असता तर बॅटरला फुकटात पहिला बेस मिळाला असता. चेंडू टाकणारा मिनेसोटाचा खेळाडू मुळात पिचर नव्हताच, त्याने चेंडू अगदी हळू, सरळ टाकला. येर्मिन मर्सेडेसने तो कुंपणाबाहेर मारला. मोठी आघाडी असताना असा चेंडू सोडून द्यावा, हा संकेत. त्याला जाहीरपणे चूक ठरवलं ते त्याच्याच संघाच्या मॅनेजरने, ७६ वर्षांच्या टोनी ला रुसाने. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने मर्सेडेसच्या पाठीमागून चेंडू टाकला. पिचरला तीन सामन्यांची बंदी झाली, त्याच्या मॅनेजरला एका सामन्याची.

जल्लोषाची शारीरिक किंमतही खेळाडूंनी मोजली आहे. मे २०१०मध्ये केंड्रिस मोरालेस विजयी होम रननंतर होम प्लेटवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, उडी मारताना पाय मोडून बसला आणि २०११च्या अख्ख्या मोसमाला त्याला मुकावं लागलं. मार्च २०२३मध्ये पोर्तो रिकोच्या विजयानंतर नाचताना एडविन डियाझच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि त्याचाही मोसम गेला.

अलीकडे संघांनी एक वाट काढली आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते. होम रन मारणारा फेरी पूर्ण करून डगआउटमध्ये येतो आणि सोहळा तिथे होतो, पिचरच्या तोंडासमोर नाही. २०२३मध्ये सिॲटलच्या खेळाडूंनी त्रिशूळ ठेवला होता. एंजल्स संघाकडे जपानी सामुराईचं शिरस्त्राण होतं. त्यांचा जपानी खेळाडू शोहेई ओतानी होम रन मारून आला की सहकारी ते त्याच्या डोक्यावर चढवायचे आणि तो रांगेतून हातांवर टाळ्या घेत आत जायचा.