साक्ष : पिंजाऱ्याच्या दुकानापासून तीन मिनिटांच्या आराखड्यापर्यंत

रोजच्या जगण्यात ख्रिस्ती श्रद्धा कशी सांगितली जायची (यालाच ख्रिस्ती लोक ‘साक्ष’ म्हणतात), याचं फार जुनं आणि बारकाव्यांचं चित्र एका विरोधकानं रेखाटलं आहे. केल्सस हा ग्रीक विचारवंत इ.स. 178च्या सुमारास तक्रार करतो : लोकर पिंजणारे, चांभार, धोबी अशी अडाणी माणसं मालकापुढे तोंड उघडत नाहीत, पण घरातली मुलं आणि बायका एकट्या सापडल्या की बोलू लागतात, आणि कुणी शहाणं माणूस आलं की ‘नंतर दुकानात या’ असं कुजबुजतात. केल्ससचा ग्रंथ आज हाती नाही. ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंतानं इ.स. 248च्या सुमारास आठ भागांत त्याचं खंडन करताना त्याची वाक्यं उतरवून घेतली, म्हणून ती टिकली. टोमणा वगळला तर माहिती मोलाची आहे : जागा कामाची, बोलणारा पोटासाठी दुसरं काही करणारा, आणि ऐकणारा रोजच्या ओळखीचा.

बायबलच्या नव्या करारातही हेच दिसतं. स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या मृत्यूनंतर छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, यरुशलेमेतच राहिले. वचन सांगत फिरले ते पांगलेले साधे विश्वासणारे (प्रेषितांची कृत्ये 8). अंत्युखियात ग्रीकांना सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगणारी कुप्र आणि कुरेने इथली माणसं कोण होती, त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू करायचा. याच जोडप्यानं पुढे इफिसात अपुल्लो या विद्वान वक्त्याला चारचौघांत न खोडता बाजूला घेऊन नीट समजावलं.

‘साक्षी’साठीचा मूळ ग्रीक शब्द न्यायालयातला आहे, पुढे तोच श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना लागला. साक्षीदारानं जे पाहिलं ते सांगायचं असतं, खटला जिंकणं हे त्याचं काम नाही. हा फरक नंतरच्या कित्येक प्रशिक्षण-पुस्तिका सोयीस्कर विसरतात. पेत्राच्या पहिल्या पत्रातली सूचनाही (3:15) उत्तर देण्याची आहे, तीही सौम्यतेनं आणि आदरानं. म्हणजे आधी समोरच्यानं विचारलेलं असतं.

उत्सुक झालेल्या माणसाचं पुढे काय करायचं, याची पद्धत तिसऱ्या शतकापर्यंत बरीच घट्ट झाली. हिप्पोलितसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या चर्चच्या जुन्या नियमग्रंथात ती दिसते. नवा माणूस एकटा येत नसे. त्याला आणणाऱ्यानं त्याच्याबद्दल ग्वाही द्यायची. मग धंद्याची चौकशी : कुंटणखाना चालवणारा, मूर्ती घडवणारा, ग्लॅडिएटर यांनी तो धंदा सोडायचा, नाही तर परत जायचं. मुलांना शिकवणाऱ्यानं शक्य तर थांबावं, पण दुसरा व्यवसाय येत नसेल तर चालेल, अशी मोकळीकही आहे. शिक्षण साधारण तीन वर्षं. मात्र माणूस मनापासून झटत असेल तर काळ मोजायचा नाही, वागणूक पाहायची. बाप्तिस्म्याआधीचे, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती होण्याच्या विधीआधीचे, प्रश्नही पाठांतराचे नव्हते : विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटलात का? याचं उत्तर पुन्हा आणणाऱ्यानंच द्यायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहणारे धर्ममातापिता या जामीनदाराच्याच परंपरेतले.

313 साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, 380 साली तो साम्राज्याचा धर्म ठरला. पुढे लहान मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाला आणि शेजाऱ्याला श्रद्धा सांगण्याचा प्रसंगच कमी होत गेला. हे काम मठवासी आणि मिशनऱ्यांकडे गेलं. असिसीच्या संत फ्रान्सिसनं आपल्या संघातल्या बंधूंसाठी केलेली 1221ची नियमावली याबाबत आवर्जून पाहण्यासारखी आहे. मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या बंधूंना ती दोन मार्ग देते : वादविवाद न करता, सर्वांच्या अधीन राहून आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करणं, आणि देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन उघड सांगणं. ‘गरज पडली तरच शब्द वापरा’ हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य मात्र त्याच्या लिखाणात कुठेच नाही.

सामान्य माणसाच्या हाती हे काम पुन्हा आलं ते अठराव्या शतकात. 1732 साली जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीनं (चर्चनं) कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे धाडलेले पहिले दोघे कुंभार आणि सुतार होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 1742 साली मेथडिस्टांनी (जॉन वेस्लीच्या अनुयायांनी) सभागृहाचं कर्ज फेडायला बाराबाराचे गट पाडले; प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची. वसुलीला घरोघर गेलेल्यांना लोकांची खरी अवस्था दिसली आणि त्यातूनच वेस्लीच्या वर्गसभा, म्हणजे छोट्या गटांच्या नियमित बैठका, उभ्या राहिल्या.

एकोणिसाव्या शतकात घाई शिरली. अमेरिकेत चार्ल्स फिनी या धर्मप्रचारकानं 1830च्या सुमारास सभेत पुढे खास बाक ठेवला. ज्याला निर्णय घ्यायचा त्यानं तिथे येऊन बसायचं. ‘निर्णय’ आता दिसू लागला, म्हणून मोजताही येऊ लागला. इथूनच संदेशाचे ठरावीक साचे आले. कॅम्पस क्रुसेड या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेची ‘चार आध्यात्मिक नियम’ ही पुस्तिका 1965 साली छापली गेली : देवाचं प्रेम, माणसाचं पाप, ख्रिस्ताचं कार्य, आणि ख्रिस्ताचा वैयक्तिक स्वीकार. खिशात मावते, नवख्यालाही वाचून दाखवता येते. तिचा दोषही त्यातच आहे. देव, पाप हे शब्द ऐकणाऱ्याला परिचित आहेत असं ती धरून चालते. तसं नसेल तर पहिल्याच पानावर दोघं वेगवेगळ्या अर्थानं मान डोलावतात. 1962 साली फ्लोरिडात जेम्स केनेडी या पाळकानं सुरू केलेल्या साक्षीच्या प्रशिक्षणात निदान साथीदाराची सोय होती. तिघं मिळून घरी जात, एक अनुभवी आणि दोन शिकाऊ. पण समोरच्याला विचारायचे त्यातले दोन प्रश्न मृत्यूनंतरच्या स्वर्गाभोवतीच फिरत, आणि ती काळजी प्रत्येकाला नसते.

तीन मिनिटांच्या साक्षीचा आराखडा पौलानं अग्रिप्पा राजापुढे केलेल्या भाषणावरून (कृत्ये 26) शिकवतात : आधीचं आयुष्य, ख्रिस्ताची भेट, नंतरचं आयुष्य. तो बहुधा पहिल्या भागात फसतो. आधीची पापं रंगवता रंगवता दोन मिनिटं जातात, भेट एका वाक्यात उरकते आणि ‘नंतर’मध्ये सगळ्या अडचणी संपलेल्या असतात. ‘तारण झालं’, ‘रक्तानं धुतला गेलो’ हे मंडळीतले शब्द बाहेरच्याला कळत नाहीत. ते काढून तीच गोष्ट सांगायला बसलं, की आपल्यालाच ती किती समजली आहे ते उघडं पडतं.

या घाईविरुद्ध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैत्रीतून साक्ष देण्यावर भर आला. तिची पडती बाजू उलटी : वर्षानुवर्षं मैत्री होते, विषय कधीच निघत नाही. पोप सहावे पॉल यांच्या 1975च्या ‘एवांजेली नुंत्सियांदी’ या पत्रकात दोन्ही बाजू लागोपाठ आहेत. जगणं पाहून लोकांच्या मनात प्रश्न उठतात, पण शब्दांत उलगडा झाला नाही तर उत्तम जगणंही अपुरं पडतं. 2011 साली व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या जागतिक चर्च-संघटनांनी मिळून साक्षीची आचारसंहिता काढली. फसवणूक आणि जबरदस्ती तिनं स्पष्ट नाकारली, आर्थिक आमिषंही नाकारली. धर्म बदलणं हे निर्णायक पाऊल आहे, विचाराला आणि तयारीला पुरेसा वेळ द्यायला हवा, असंही तिच्यात आहे. तो वेळ किती, ते मात्र तिनं सांगितलेलं नाही.