दोन तृतीयांश बहुमत म्हणजे मोकळे रान नव्हे
ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळची चर्चा रंगली की ‘दोन तृतीयांश खासदार हाताशी असले की घटनेत वाटेल तो बदल करता येतो’ हे वाक्य हमखास कानी पडते. ते चुकीचे आहे. कलम ३६८ दुरुस्तीचा अधिकार देते, परंतु २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा, म्हणजे अगदी काठावरच्या, बहुमताने ठरवले की घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिचा गाभा असलेली तत्त्वे, संसदेलाही मोडता येत नाही. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने या अधिकाराला कोणतीही मर्यादा नसल्याचे चक्क कलमातच लिहून टाकले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मजकूरच रद्दबातल ठरवला. न्यायाधीश निवडण्यासाठीच्या न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९वी दुरुस्ती तर निम्म्याहून अधिक राज्यांनीही मान्य केली होती, तरी २०१५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.