गुहेत राहणारा कोळी आणि गुहेपुरताच जगणारा कोळी

गुहेत आढळणाऱ्या कोळ्यांची सरसकट एकत्र गणना केली, तर त्यांची विविधताही नीट कळत नाही आणि त्यांचा प्रसारही. त्यांतले काही गुहेचा आश्रय घेतात, पण बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध टिकून असतो. काही मात्र पिढ्यानपिढ्या अंधाराबाहेर पडलेलेच नाहीत.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे युरोपातील मेटा मेनार्डी. हा मोठा, तपकिरी, चकचकीत कोळी गुहेच्या तोंडापासून फार खोल जात नाही, आणि बोगदे किंवा तळघरेही त्याला चालतात. छताला टांगलेल्या थेंबाच्या आकाराच्या पांढऱ्या कोषातून त्याची पिले बाहेर पडतात, ती उजेडाकडे ओढली जातात आणि गुहेबाहेर पांगतात. प्रौढ झाल्यावर मात्र हाच कोळी उजेड टाळतो. पिलांच्या या भटकंतीमुळेच ही जात ब्रिटनपासून बाल्कनपर्यंत पसरलेली आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या, गुहेपुरत्याच जगणाऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणजे स्टॅलिटा टेनारिया. ही जात १८४७ साली डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ शिओटे यांनी स्लोव्हेनियाच्या परिसरातील गुहांमधून वर्णिली. तिला डोळे नाहीत, रंग फिकट आहे आणि बाल्कनच्या पश्चिमेकडील दिनारिक पर्वतरांगेच्या वायव्येकडील चुनखडीच्या प्रदेशाबाहेर ती आढळत नाही. या कोळ्याला गुहेबाहेरची कोरडी हवा ओलांडून दुसऱ्या डोंगरात जाता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या डोंगरांत अडकलेल्या समूहांतून स्वतंत्र जाती घडत जातात, आणि दिनारिक प्रदेश अशा कोळ्यांच्या बाबतीत जगातील अत्यंत समृद्ध प्रदेशांपैकी एक ठरतो.

केवळ डोळे नाहीत म्हणून कोळी गुहेपुरताच आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण मातीत आणि पालापाचोळ्यात राहणारे काही कोळीही अंध असतात. जातीचे संपूर्ण जीवनचक्र कोठे पार पडते, हीच खरी कसोटी. महाराष्ट्रातील लेणी माणसाने कोरलेली असून त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तेथील कोळी बाहेरून आलेले आहेत, असेच मानणे रास्त ठरते.

हा भेद संरक्षणासाठी निर्णायक आहे. हवाईतील कौआई बेटावर लाव्हाच्या नळ्यांमध्ये, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या पोकळ गुहांमध्ये, राहणारा ॲडेलोकोसा ॲनॉप्स हा मोठ्या डोळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वुल्फ स्पायडरच्या कुलातला, पण पूर्णपणे अंध कोळी आहे. त्याची मादी एका वेळी जेमतेम १५ ते ३० अंडी घालते, तर जमिनीवरच्या तिच्या अनेक नातलगांची अंडी शंभराहून अधिक असतात. २००० साली अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले. मेटा मेनार्डी एखाद्या गुहेतून नाहीसा झाला, तर शेजारच्या गुहेतील पिले तेथे पोहोचू शकतात; कौआईच्या कोळ्याची नळी खाणकामात फुटली किंवा वरची झाडे तोडल्याने आत उतरणारी, त्याच्या भक्ष्याला पोसणारी मुळे वाळली, तर त्याच्यासाठी असा बाहेरून येणारा आधार नाही.