आवाकात्लचं शेपूट

अव्होकाडोचा फोटो आणि खाली ओळ: 'या शब्दाचा खरा अर्थ वृषण!' हा मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा येतो. तो अर्धाच खरा आहे. मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेत 'आवाकात्ल' हे आधी फळाचंच नाव. आकारावरून लोक अवयवालाही तसं म्हणू लागले.

मला मात्र शेवटच्या 'त्ल'चं वेड आहे. १५२१ मध्ये नावात्ल बोलणाऱ्या आस्तेकांची (अ‍ॅझ्टेक) राजधानी तेनोच्तित्लान पडली. पुढे स्पॅनिश लोकांनी तिथली फळं, प्राणी, भांडी नावासकट उचलली. तोमात्लचं झालं तोमाते, कोयोत्लचं कोयोते (लांडग्यासारखा प्राणी), आवाकात्लचं आग्वाकाते. 'त्ल' हे नावात्लमध्ये एकच व्यंजन: जिभेचं टोक 'त'सारखं टेकवायचं आणि हवा जिभेच्या कडांनी सोडायची. हा ध्वनी स्पॅनिशमध्ये नव्हता, म्हणून तिथे 'ते' आलं.

पण हा 'त्ल' शब्दाच्या मुळातला नाहीच, तो नामाला लागणारा प्रत्यय आहे. मूळ स्वरान्त असेल तर 'त्ल', व्यंजनान्त असेल तर 'त्ली', आणि 'ल'नंतर 'ली'. 'काल्ली' म्हणजे घर. 'माझं घर' म्हणताना पुढे 'नो' लागतो, मागचा प्रत्यय गळतो आणि 'नोकाल' उरतं. समासात पहिल्या पदाचा प्रत्ययही असाच जातो. आपलं पाणी 'पाणवठ्या'त आणि घोडा 'घोडदौडी'त आखूड होतो, तसंच काहीसं. म्हणून आवाकात्ल आणि मोल्ली (वाटून केलेलं कालवण) मिळून आवाकामोल्ली, आणि त्याचं स्पॅनिश ग्वाकामोले. आग्वाकातेत 'ते' आहे, ग्वाकामोलेत नाही, कारण 'त्ल' स्पॅनिश कानांपर्यंत पोचण्याआधीच गळला होता.

असे नियम सापडले की व्युत्पत्ती पटते. नुसत्या ध्वनिसाम्यावरून मध्य अमेरिकेतल्या मय संस्कृतीला मयासुराशी जोडणं हे भाषाशास्त्र नव्हे. 'चॉकलेट म्हणजे शोकोलात्ल, कडू पाणी' हेही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण आलोन्सो दे मोलिनाच्या १५७१च्या नावात्ल कोशात तो शब्दच नाही.

आपला चिकूही तिकडचाच. स्पॅनिशमध्ये तो चिकोसापोते, आणि त्यातलं 'सापोते' म्हणजे नावात्ल 'त्सापोत्ल'. त्याच झाडाच्या चिकाला नावात्लमध्ये म्हणत त्सिक्त्ली. स्पॅनिशमध्ये त्याचं चिक्ले झालं, आणि त्यापासून च्युइंगगम बनू लागलं. घोलवडचा कच्चा चिकू कापला की बोटांना चिकटतो तोही चीकच. मात्र आपला 'चीक' आणि त्यांचं 'चिक्ले' यांचं काहीही नातं नाही.