सर्पगंधेपासून क्लोझापीनपर्यंत: अँटिसायकोटिक औषधांची पार्श्वभूमी

भास आणि संशय आटोक्यात आणणाऱ्या औषधांचा इतिहास सहसा पॅरिसपासून सांगितला जातो. मला तो सर्पगंधेपासून सुरू करणे अधिक न्याय्य वाटते. 'पागल की दवा' म्हणून उत्तर भारतात विकल्या जाणाऱ्या या मुळीबद्दल कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, आणि पुढे तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पीन न्यूयॉर्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांना देऊन पाहिले.

दुसरी वाट शस्त्रक्रियागृहातून निघाली. भुलीच्या जोडीला क्लोरप्रोमझिन हे औषध दिलेला रुग्ण जागा असूनही निर्विकार राहतो, हे फ्रेंच नौदलाचे शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी टिपले आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ दले व देनिकेर यांनी ते मनोविकारांवर वापरले.

दोन्ही औषधांनी रुग्ण शांत होत, पण दोन्हींनी त्यांचे हात थरथरत, चेहरा थिजे आणि चाल पाय घासत होई. या साम्यातच उत्तर दडले होते. रिसर्पीन मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिकामा करते, तर क्लोरप्रोमझिन डोपामिनच्या रिसेप्टरची, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटते त्या जागेची, वाट अडवते, असा विचार स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांच्या संशोधनातून पुढे आला. डोपामिनच्या डी-२ या प्रकारच्या रिसेप्टरला औषध जितके घट्ट धरते तितका त्याचा डोस कमी लागतो, हे १९७० च्या दशकात दिसले. म्हणूनच हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅममध्ये भागते, क्लोरप्रोमझिनला शेकडो लागतात. क्लोरप्रोमझिन हिस्टामिन या जागे ठेवणाऱ्या रसायनाचा रिसेप्टरही अडवते, त्यामुळे त्याने झोप फार येते.

क्लोझापीन या औषधाने हा हिशेब बिघडवला. ते डी-२ ला सैल धरते, अंग क्वचितच जखडते, आणि तरी गुण देते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले व अनेक देशांत ते मागे घेतले गेले. पण १९८८ च्या अमेरिकी चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण त्याने सुधारले, क्लोरप्रोमझिनने फक्त ४ टक्के. मग रक्ततपासणीच्या अटीवर ते परतले. कित्येक घरांना त्याने त्यांचे माणूस परत दिले, हे विसरता येत नाही.

नंतरच्या ओलान्झापीनने थरथर कमी केली, वजन आणि साखर मात्र वाढवली; 'जुनी' आणि 'नवी' औषधे अशी सरसकट विभागणी म्हणूनच फसवी आहे. अरिपिप्राझोल डी-२ पूर्ण बंद न करता अर्धवट चालू ठेवते. २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झालेले झॅनोमेलिन-ट्रोस्पियम तर डी-२ ला अडवतच नाही. ते मस्करिनिक, म्हणजे ॲसिटिलकोलिन या वेगळ्या संदेशवाहकाच्या, रिसेप्टरच्या वाटेने काम करते.