गिअरबॉक्स उघडण्याआधी

मावशीची गाडी २००१ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटातल्या एका वळणावर तिने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन नुसतंच रेस झालं आणि गाडी दोन-तीन सेकंद जागची हललीच नाही. मग एकदम झटका देऊन निघाली. मागे ट्रक होता. ती चांगलीच घाबरली. गॅरेजमध्ये एक फेरी मारून तिला निकाल सांगण्यात आला: गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल, ८०,००० रुपये धरून चला. वर हेही, की जुनी ऑटोमॅटिक म्हटलं की हे असंच.

या शेवटच्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपलं दुखणं बरंच स्पष्ट सांगत असतो. कोणत्या गिअरमध्ये त्रास होतो, थंड असताना की तापल्यावर, सरळ रस्त्यावर की वळणावर, एवढं नीट विचारलं तरी एकही नट न सोडवता संशयित भाग दोन-तीनवर येतात.

मावशीला फोनवर विचारलं, "रिव्हर्सला पण असंच होतं का गं?"

"अरे, सकाळी गाडी बाहेर काढताना आधी रिव्हर्सलाच अडते. सपाटीला बरी चालते. चढ आला, वळण आलं की हिचं काहीतरी बिनसतं."

पुढे जाणारे गिअर आणि रिव्हर्स, सगळीकडे एकच तक्रार. म्हणजे दोष एखाद्या गिअरचा नाही, सगळ्या गिअरना जे सामायिक आहे त्याचा. असं सामायिक काय असतं, हे कळण्यासाठी थोडं आत डोकवावं लागेल.

मॅन्युअल गाडीत आपण पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. मध्ये 'सूर्य' चक्र, भोवती फिरणारी 'ग्रह' चक्रं आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. यातलं कोणतं फिरवायचं आणि कोणतं धरून ठेवायचं, यावर गाडीचा वेग आणि ताकद ठरते. हे फिरवायचं-धरायचं काम करतात क्लच प्लेटांचे गठ्ठे आणि ड्रमभोवती आवळले जाणारे पट्टे, म्हणजे बँड. आणि त्यांना दाबतं कोण? तेल. इंजिनबरोबर फिरणारा एक पंप गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधलं तेल फिल्टरमधून ओढतो, दाबाखाली व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा आणि झडपा असलेल्या ठोकळ्यात पाठवतो, आणि तिथल्या चक्रव्यूहातून ते योग्य त्या क्लचच्या मागे जातं.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्येही तेलच असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, ते समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. तेव्हा ताकद पोहोचवणं, क्लच दाबणं, वंगण, आतली उष्णता बाहेर नेणं, ही सगळी कामं एकाच लाल तेलाच्या माथी. म्हणून तपासणीची सुरुवात तेलापासूनच.

चेंबरमधलं तेल कमी झालं की चढावर आणि वळणावर उरलेलं तेल एका कडेला धावतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. पंप हवा ओढतो. तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. क्लचच्या मागचा दाब ढासळतो, प्लेटा नुसत्या घसरतात, इंजिन रेस होतं. घाट उतरून सपाटीला आलं की तेल परत जागेवर येतं आणि गाडी शहाण्यासारखी चालते. मावशीच्या घाटातल्या वळणाचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळत होतं. पण गॅरेजमध्ये तेल पाहिलं होतं आणि 'फुल' आहे असं सांगितलं होतं!

रविवारी तिच्याकडे गेलो. आधी १५ किलोमीटर गाडी फिरवली, कारण तेल तापल्यावर फुगतं आणि डिपस्टिकवरची, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरची 'हॉट' खूण तापलेल्या तेलासाठीच असते. सपाट जागी उभी केली, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक खुणेवर दोन-दोन सेकंद थांबवत फिरवला, पार्कमध्ये आणला, आणि इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक ओढली. पुसून परत घातली, परत ओढली. टोकाला जेमतेम ओल. पांढऱ्या टिश्यूवर टेकवलं तर विटकरी रंगाचा, रुपयाएवढा डाग उमटला, कडेला फिकट लाल. नाकाशी धरलं: तेलाचाच वास, जळका नाही.

मग इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा पाहिलं. तेल थेट वरच्या खुणेच्याही वर! इंजिन थांबलं की वर फिरणारं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून पाहिलं होतं, म्हणून 'फुल'. इथे एक सावधगिरी मात्र हवी. अनेक होंडा गाड्यांमध्ये इंजिन तापवून, बंद करून, मिनिटभरात तेल पाहायचं असतं, आणि क्रायस्लरच्या कित्येक जुन्या गाड्यांमध्ये इंजिन चालू ठेवून, पण न्यूट्रलमध्ये. मालकपुस्तिकेतलं ते अर्धं पान वाचल्याशिवाय डिपस्टिकला हात लावू नये.

हे झालं सगळेच गिअर कुरकुरतात तेव्हाचं. एखादाच गिअर बिघडतो तेव्हा खरी मजा येते, कारण तेव्हा हे तर्कशास्त्राचं कोडं होतं. क्रायस्लरचा १९५६ मध्ये आलेला तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट हा त्याचा माझा आवडता नमुना. त्यात मोजके भाग: पुढचा क्लच, मागचा क्लच, पुढचा बँड, मागचा बँड आणि एकाच दिशेने अडणारा वन-वे क्लच. मागचा क्लच पुढे जाणाऱ्या तिन्ही गिअरमध्ये लागतो. पहिल्याला त्याच्या जोडीला वन-वे क्लच, दुसऱ्याला पुढचा बँड, तिसऱ्याला पुढचा क्लच. रिव्हर्समध्ये पुढचा क्लच आणि मागचा बँड.

आता कोडं सोडवा. गाडी रिव्हर्सला उत्तम, पण पुढे कोणत्याच गिअरमध्ये ओढत नाही. संशय मागच्या क्लचवर, कारण रिव्हर्समध्ये त्याचं काम नाही. पहिला-दुसरा ठीक, तिसरा आणि रिव्हर्स घसरतात? मग पुढचा क्लच, कारण या दोघांत तेवढाच सामायिक. आणि हे बघा: लिव्हर 'डी'वर ठेवला तर गाडी सुटत नाही, पण '१'वर ठेवला की निघते. '१'वर मागचा बँडही आवळला जातो आणि तो वन-वे क्लचचं काम स्वतः उचलतो. म्हणजे वन-वे क्लच गेला. हे सगळं ड्रायव्हरच्या सीटवर बसून कळतं. आतली रचना गाडीगणिक बदलते, पण कोणत्या गिअरला कोणता क्लच, याचा तक्ता त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. 'खोलावा लागेल' म्हणणाऱ्याला तो तक्ता दाखवायला सांगावा.

दुसरं एक दुखणं नेहमी फसवतं. ताशी ६०-८० किलोमीटरवर, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते. लोक प्लग बदलतात, टायर बॅलन्स करतात. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करावा, ब्रेकलाइट लागण्यापुरता. तेवढ्याने टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअर थेट जोडून टाकणारा क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर चोर तिथे आहे. इलेक्ट्रॉनिक गाडीत स्कॅनर लावला तर पी०७४१ हा कोडही याच लॉक-अपकडे बोट दाखवतो. कोड म्हणजे निदान नव्हे, हे मात्र विसरू नये. सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेवरच्या झडपेचा कोड आला तर आधी मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. अनेक टोयोटा गाड्यांमध्ये तो ११ ते १५ ओहम असतो. तो बरोबर निघाला तर वायर आणि कनेक्टर पाहावा. पावसाळ्यात पाणी शिरून हिरवा पडलेला कनेक्टर आख्ख्या गिअरबॉक्सचं सोंग आणू शकतो.

जुने मेकॅनिक आणखी एक चाचणी करतात: ब्रेक घट्ट दाबून, 'डी'मध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर. इंजिनचे फेरे ठरलेल्या आकड्याच्या वर गेले तर क्लच घसरतोय, खूप खाली राहिले तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टर सदोष. चाचणी खरी आहे, पण ती घरी करू नका. इंजिन ४० किलोवॉट देतंय आणि कन्व्हर्टरमध्ये २ लिटर तेल आहे असं धरलं, तर सगळी ताकद उष्णता होऊन त्या तेलाचं तापमान दर सेकंदाला १० अंशांहून जास्त चढतं. म्हणूनच ५ सेकंदांची मर्यादा असते. जुन्या सीलांना तेवढी आचही सोसेल असं नाही.

तेलाचा रंगही वाचता यायला हवा. विटकरी तेल म्हातारं, काळं आणि जळक्या वासाचं म्हणजे प्लेटांचं अस्तर जळलेलं. गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवावी. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून फिरतं. तो आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतं आणि प्लेटांवरचं अस्तर चिकटवलेला गोंद सोडवतं. चेंबर उतरवल्यावर तळाच्या चुंबकावर राखाडी, काजळासारखा लेप दिसला तर घाबरू नये, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत कण दिसले तर मात्र गिअरबॉक्स खोलायलाच हवा.

'जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स निकामी होतो' असं सर्रास ऐकू येतं. माझ्या मते यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. बहुतेक लोक गाडी घसरायला लागल्यावरच तेल बदलतात, आणि जळलेली प्लेट नव्या तेलाने बरी होत नाही. जुन्या गाडीला मशीन लावून जोराने फ्लश मारू नये, एवढं मी मानतो. चेंबरमधलं तेल काढून तेवढंच, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं भरावं. थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा.

मावशीच्या गाडीखाली पुठ्ठा पसरून इंजिन चालू ठेवलं. वीस मिनिटांनी पुढच्या कोपऱ्यात लाल थेंब पडला. कूलरकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पपाशी कडक होऊन चिरला होता. पाइप आणि दोन क्लॅम्प बदलले, थोडं थोडं भरत, दर वेळी डिपस्टिक पाहत एकूण सव्वा लिटर तेल गेलं. पुढच्या शनिवारी खंबाटकी चढून गेल्यावर तिचा फोन आला. "अरे, रिव्हर्स अजून किंचित उशिरा पडतो." थंड सकाळीच पडतो का, ते आठवडाभर लिहून ठेव म्हणालो. थंडीतच होत असेल तर क्लचच्या पिस्टनची सीलं कडक झाली असणार. तिची वही सध्या डॅशबोर्डवर आहे.