शेवेवर थांबलेले हात

परवा रात्री रामबागेत मावशीकडे आम्ही सातआठ जण रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याची एक जुनी टीव्हीकथा बघत बसलो होतो. मध्ये इंदुरी शेवेची परात. एका क्षणी सगळ्यांचे हात शेवेवर तसेच थांबले. आजीचासुद्धा, आणि तिला इंग्रजी येत नाही.

१९६१ सालची ही कथा साधी आहे. घरी आलेल्या नातलगाच्या बॅगेतलं खरं पिस्तूल पाच वर्षांचा मुलगा खेळणं समजून उचलतो, त्यात गोळ्या भरतो आणि गावभर हिंडतो. मोठ्यांनाही ते खेळणंच वाटतं. खरं काय ते फक्त आपल्याला माहीत असतं.

हीच कथा न्यूयॉर्कमध्ये मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन यांच्या गटाने प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात झोपवून दाखवली. २००८ साली त्यांनी लिहिलं, की मेंदूच्या बाह्यपटलाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात सगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूची क्रिया एकाच तालात चढत-उतरत होती. बागेत नुसता कॅमेरा लावून केलेल्या चित्रणाला हा आकडा ५ टक्क्यांच्याही आत आला. यावरून सिनेमा चांगला की वाईट ते ठरत नाही. दिग्दर्शकाची पकड किती घट्ट आहे, एवढंच कळतं.

ही पकड येते कुठून? हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तो एक वाजता फुटणार हे आधीच सांगितलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. शरीरातही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचकणं ही मेंदूच्या देठातली प्रतिक्षिप्त क्रिया; विचार सुरू होण्याआधीच पापण्या मिटतात, खांदे आखडतात. टांगणीला लागण्यासाठी मात्र पुढचं दिसावं लागतं. मेंदू सतत अंदाज बांधत असतो. त्याला धोका दाखवला आणि पुढे नक्की काय होणार ते सांगितलं नाही, की अमिग्डाला हा मेंदूतला धोका ओळखणारा बदामाएवढा भाग इशारा देत राहतो. हरीण चाहूल लागताच जागीच थिजतं ना, आमचे हात थांबले ते त्याच जुन्या सवयीने, असं मला वाटतं.

आवाजाची गोष्ट निराळी. ‘सायको’ (१९६०) या त्याच्या सिनेमातल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांचा कर्कश चीत्कार रचला, आणि हिचकॉकने आपलं मत बदललं. खरवडल्यासारखा तो सूर माणसाच्या किंकाळीशी जवळचं नातं सांगतो.

त्या रात्री पोराने पुन्हा चाप ओढला तेव्हा आजी टीव्हीलाच म्हणाली, “अगं बाई, काढून घ्या ना रे कुणीतरी त्याच्या हातातून!”